आप्पा बसल्याशिवाय गाडी सुरू होत नाही

आप्पांनी अख्खी नोकरी वजनकाट्यावर काढली. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, आप्पा आकडा वाचायचे, शिक्का मारायचे, ट्रक उतरायचा. बोलायचं कामच नाही. त्यामुळे झालं काय, की निवृत्त झाल्यावर इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर पडायला लागलं. बायको होती तोवर तिने बिचारीने ते ऐकून घेतलं. ती गेली आणि आप्पा छताच्या पंख्याशी बोलायला लागले. मुलगा घरात आला की कानात इयरफोन घालायचा. सून दिवसभर कामावर.

सूनबाई दातांच्या कवळ्या बनवायची. मेणाचे साचे, गुलाबी हिरड्या, त्यात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकवायचा. तयार कवळ्या डब्यांत भरून ती गावभरच्या दवाखान्यांत पोचवायची आणि त्यासाठी वापरायची आप्पांची जुनी गाडी. गाडी म्हणजे काय, सगळा आनंदच! पुढचा दरवाजा बाहेरूनच उघडायचा आणि काच दोन्ही हातांनी ओढून वर करायची.

एका सकाळी ही गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की टक. नुसतं टक. मुलाला गाडी चालवता येत नाही, पण गाड्यांबद्दल मत भरपूर. त्याने बॅटरी मेली असं जाहीर करून टाकलं. नवी बॅटरी आणली, मागच्या सीटखाली बसवली, किल्ली फिरवली. टक. शेजारीपाजारी जमले, जो तो अक्कल पाजळायला लागला. आप्पांनाही बोलायचं होतं, पण गुडघे दुखत होते, म्हणून ते गाडीत मागे डावीकडे बसून बोलायला लागले. सूनबाईने वैतागून किल्ली फिरवली आणि गाडी भुर्रकन सुरू झाली.

तिने गाडी बंद केली, आप्पांना उतरवलं. टक. आप्पांना बसवलं. भुर्र. पुन्हा उतरवलं. टक. आता काय म्हणावं याला!

"वजनाचा प्रश्न आहे," मुलगा म्हणाला आणि आप्पांच्या वजनाएवढी सिमेंटची पोती आणून त्याने मागच्या सीटवर रचली. गाडी ढिम्म. मग शेजारच्या काकूंना बसवलं. तरी टक. काकूंनी ते मनाला लावून घेतलं ते वेगळंच. शेवटी आप्पाच बसले, आणि गाडी सुरू. आप्पांनी सगळ्यांकडे असं काही पाहिलं, जणू गाडी त्यांनीच जन्माला घातली होती.

झालं! दुसऱ्या दिवसापासून आप्पा कामावर. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशात पेन. सूनबाई दवाखान्यात डबे द्यायला शिरली की आप्पाही मागोमाग. बाहेर गाल धरून बसलेल्या लोकांना उलट बोलता येत नसे, यांच्याइतके चांगले श्रोते आप्पांना जन्मात मिळाले नव्हते. आणि गाडीत सूनबाई. ती रस्त्याकडे बघत हं हं करायची, पण कधीकधी अशी खो खो हसायची की गाडी बाजूला घ्यावी लागायची. आप्पा सुखात होते. तसं ते स्वतःशी मोठ्याने म्हणायचेसुद्धा.

मग एकदा त्यांचा चष्मा सीटच्या फटीत पडला. सूनबाई दवाखान्यात होती. आप्पांनी सीट उचलली. खाली बॅटरी, आणि तिच्यापासून गाडीच्या पत्र्याकडे जाणारी जाड काळी वायर. तिचा बोल्ट ढिला, भोवती पांढरा-हिरवा बुरा. आप्पांनी बोटाने वायर हलवली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांना जन्माची सवय, बसले की डावा गुडघा हलवायचा. गुडघा हलला की सीट हलायची, सीट हलली की वायर पत्र्याला टेकायची. पोती गुडघा हलवत नाहीत. काकूही हलवत नाहीत.

नवीन बॅटरी फुकट गेली होती. गरम पाण्यात सोडा घालून तो बुरा धुवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, बोल्ट आवळायचा, वर थोडं ग्रीस लावायचं. संपलं काम. पाना डिकीतच होता.

आप्पांनी चष्मा उचलला, पुसला आणि सीट हळूच खाली ठेवली. बोल्ट आवळला की त्यांची गाडी पुन्हा पंख्याखाली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काही महिने असेच मजेत गेले. मग आप्पांना ताप आला. चांगलाच सणसणीत. सूनबाई म्हणाली, "तुम्ही पडून राहा. मी कोपऱ्यावरच्या मंडळींकडून धक्का मारून घेते." ती गेली आणि आप्पांच्या जिवाला घोर लागला. धक्क्याने सुरू होईल, पण वाटेत बंद पडली तर? पोरगी एकटी अडकायची, आणि कशापायी? एका म्हाताऱ्याला फिरायची चटक लागली म्हणून! स्वतःची त्यांना अशी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारी फोन वाजला. "आप्पा, पुलावर गाडी बंद पडलीय. मागे रांग लागलीय, हवालदार ओरडतोय."

"सूनबाई," आप्पा एका दमात म्हणाले, "मागची सीट उचल. काळ्या वायरचा बोल्ट ढिला आहे. मला कधीचं माहीत होतं. मी सांगितलं नाही. मला घरी बसायचं नव्हतं गं."



"तो बोल्ट मी कधीच आवळलाय," सूनबाई म्हणाली. "तुम्हाला ताप आला, म्हणून आज धक्क्याचं नाटक केलं."

"अगं, मग रोज मी बसायच्या आधी यायचं ते टक?"

"किल्ली न फिरवता तोंडाने काढायचे. आता ते राहू द्या. इंजिन घरघरतंय, पण पकडत नाहीये. काय करू?"

आप्पांना रडावं की हसावं कळेना. पण इंजिन घरघरतंय म्हटल्यावर ते उठून बसले. "घरघरतंय म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोल पोचत नसेल. किल्ली नुसती चालू कर, सेल्फ मारू नको. मागच्या सीटखालून गुणगुण येते का?"

"नाही."

"पंप अडकलाय. फ्यूज बघ आधी." फ्यूज शाबूत होता. "मग सीट काढ. खाली गोल झाकण दिसेल. तू सेल्फ मार आणि कोणालातरी झाकणाच्या कडेला ठोकायला सांग. हलक्या हाताने! टाकी आहे ती!"

कोणालातरी म्हणजे हवालदारच. आप्पांना फोनमधून सगळं ऐकू येत होतं. हवालदाराचं कुरकुरणं, दरवाजा, मग दंडुक्याची ठकठक. आप्पा पलंगावरून ओरडले, "जरा डावीकडे!" इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि भुर्रकन सुरू झालं. पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सुटले बाई!" सूनबाई म्हणाली. "पण हे तात्पुरतं ना?"

"तात्पुरतंच. पंप बदलावा लागेल. मध्ये बंद करू नको, सरळ गॅरेज गाठ."

"तिकडेच निघालेय. परत अडकला तर ठोकायला हवालदारसाहेब बसलेत मागे. चांगले आहेत हो स्वभावाने. काहीतरी गंमत सांगतायत."

आप्पांच्या काखेतलं थर्मामीटर पांघरुणावर पडलं. "मागे कुठे बसलाय?"

"डावीकडे."

"उतरव त्याला!"

"आप्पा, तुम्हाला ताप आहे."

"गाडी इकडे घे आधी! मी खाली येतोय."

आप्पा फोन कानाशी धरून एका हाताने शर्टाची बटणं लावत होते, सगळीच्या सगळी चुकीच्या काजात. इतक्यात पलीकडून तिचा आवाज आला. ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

"साहेब, पुढच्या वळणावर सोडते तुम्हाला," ती म्हणत होती. "ती जागा आमच्या आप्पांची आहे."