सांधेवाल्याची मुलगी आणि उतरती विमानं

दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा खरं तर मला माझाच राग यायला हवा होता. तो मी वडिलांवर काढला. खालापूरला घरी आले, बॅग ओट्यावर आदळली आणि म्हणाले, "तुमच्यामुळे नापास झाले मी."

वडील शेंगा निवडत होते. "मी काय केलं गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

वडील रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे सांधा फिरवून गाडीचा रूळ बदलणारे, आणि त्यांची बहुतेक नोकरी ठाकुरवाडीला झाली. घाट उतरून येणारी गाडी तिथे उभी राहते, मग ती मेल असो की मालगाडी. सांधा मुद्दाम बाजूच्या चढावर जाणाऱ्या रुळाकडे लावून ठेवलेला असतो. एखादीचे ब्रेक गेलेच, तर ती खाली कर्जतकडे न सुटता त्या चढावर जाऊन थांबावी म्हणून. गाडी नीट उभी राहिली की मगच सांधा फिरवायचा आणि तिला वाट द्यायची. हा कायदा त्यांनी घरीही आणला. शाळेला निघालो तरी दारात हुकूम व्हायचा, "थांब. डबा घेतला? चप्पल बघितली? आता जा." आम्ही भावंडं थांबत थांबतच मोठी झालो.

आणि मी निवडलं काय, तर एअर ट्रॅफिक कंट्रोलरचं काम. कुंभिवलीच्या मावशीला अजून वाटतं की मी विमानात चहा देते. मी समजावायचं सोडून दिलंय, पण कुणी खरंच विचारलं तर मला आवरत नाही. आपल्याला अंगणातून मोकळं दिसतं ते आकाश मोकळं नसतंच मुळी. देशाच्या आकाशाचे आधी मोठे भाग पाडलेले, त्या भागांचे पुन्हा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर पडद्यासमोर बसलेलं कुणीतरी. विमान एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना एक माणूस ते दुसऱ्याच्या हवाली करतो. वाटा ठरलेल्या, उंच्या ठरलेल्या. काही जागा लष्कराच्या सरावाच्या. सराव नसला की त्या आम्हाला उघडून देतात आणि विमानांचा वळसा वाचतो. हे पहिल्यांदा शिकवलं त्या दिवशी मी वर्गातून बाहेर येऊन कितीतरी वेळ वरच बघत राहिले होते. इतका पसारा डोक्यावर रोज चालतो आणि आपल्याला पत्ताच नसतो, याचा मला अजूनही आनंद होतो.

माझा तुकडा उतरणाऱ्या विमानांचा. चहूबाजूंनी येणारी विमानं एका रांगेत आणायची आणि नेमक्या अंतराने धावपट्टीकडे सोडायची. शिकाऊ माणसाच्या मागे शिकवणारा बसतो, त्याच्या कानाला दुसरा हेडफोन. त्याने त्याच्याकडचं बटण दाबलं की माझा आवाज बंद आणि त्याचा सुरू. माझ्या मागे बसणारे सर शांत होते, पण दोन्ही परीक्षांत त्यांनी ते बटण दाबलं. "तू धोका कुठेच करत नाहीस," ते म्हणाले, "पण जरा गर्दी झाली की सगळ्यात आधी तू सगळ्यांना थांबवतेस."

विमान थांबत नाही. थांबवायचं म्हणजे त्याला एका जागी गोल गोल फिरवत ठेवायचं. इंधन जळतं, मागच्यांची रांग वाढते, शेजारच्या तुकड्यातले लोक वैतागतात. मला हे सगळं पाठ होतं. तरी चार विमानं जवळ आली की माझ्या तोंडून आधी तोच हुकूम जायचा. आता एकच संधी उरली होती. ती गेली असती तर पडद्यासमोरची खुर्ची कायमची सुटली असती आणि मी कुठल्यातरी टेबलावर कागद पुढे सरकवत बसले असते. त्या विचाराने मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा.

वडिलांवर ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंभिवलीला चुलतबहिणीचं लग्न होतं. मांडव सर्व्हिस रोडला लागून. आमच्याकडे अजून पंगतीचा हट्ट आहे आणि मांडवाच्या तोंडाशी वडील असतात. ते काम त्यांना कुणी दिलेलं नाही, ते आपले जाऊन उभे राहतात. मी रुसून एका खुर्चीवर बसले होते, म्हणून मला सगळं दिसत होतं.

आत पंगत बसलेली. जेवणाऱ्याच्या पाठीशी ताटकळत उभं राहणं वाईट दिसतं, त्यामुळे बाहेरून येणारा माणूस जागा होईल तेव्हाच आत पोचायला हवा. वडील पार रस्त्यापर्यंत पुढे गेले होते. एकाला त्यांनी तिथेच गाठलं, "खोपोलीवरनं आलास का? रस्ता कसा हाय?" दुसऱ्याला म्हणाले, "आदी नवऱ्या मुलाला भेटून ये, मंग जेव." चौघांच्या घोळक्याला सरबताच्या टेबलावरून वळवून आणलं. एका म्हाताऱ्या आत्याला साखरेचा त्रास, तिला मात्र हाताला धरून सरळ पानावर नेऊन बसवलं. पंगत उठली आणि ही माणसं एकेक करून रिकाम्या पाटांवर बसत गेली. एकही माणूस उभा राहिला नव्हता आणि एकालाही 'थांब' म्हटलेलं नव्हतं.

मी खुर्चीवरून ताडकन उठले. अहो, हेच तर सर मला सहा महिने सांगत होते. जवळ आल्यावर अडवायचं नाही, लांब असतानाच चाल कमी करायची.

मी त्यांना गाठलं. "बाबा, यांना थांबवलं का नाही तुम्ही?"

"थांब म्हटलं का मानूस रुसतो," ते म्हणाले. "चालता ठेवायचा, पन हळू."

"आणि गाडी?"

"गाडी रुसत नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जेवून घे आता, पाट रिकामा हाय."

तिसऱ्या परीक्षेला मी बसले तेव्हा हात शिवशिवत होते. संध्याकाळची गर्दी सुरू झाली. पडद्याच्या कडेला ठिपके दिसले तसा मी लांबूनच एकेकाचा वेग उतरवायला सुरुवात केली. एकाला थोडा वळसा दिला, एकाला आधी खाली घेतलं. सात विमानं पाठोपाठ रांगेला लागली आणि मी कुणालाच थांबवलं नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

तेवढ्यात टॉवरवरून निरोप आला की धावपट्टीवर पक्षी मरून पडलाय, साफ होईपर्यंत बंद. आता हळू चालवून भागणार नव्हतं, आता खरोखर थांबवायचं होतं. मागे सरांची खुर्ची करकरली. ते बटणाकडे वाकले असणार. पण माझं तोंड सुरू झालं होतं. अगदी समोर पोचलेल्याला पुन्हा वर पाठवलं, बाकीच्यांना एकावर एक, हजार हजार फुटांच्या अंतराने फिरत ठेवलं. प्रत्येकाकडून हुकूम परत म्हणवून घेतला आणि तो बरोबर आला तेव्हाच पुढच्याला हात घातला. कुठेही घाई नाही, कुठेही अडखळणं नाही. या कामाची मला जन्मापासून सवय होती. पट्टी उघडली तेव्हा ज्या क्रमाने थांबवलं त्याच क्रमाने सोडलं.

सरांनी बटण दाबलं नाही. शेवटचं विमान उतरल्यावर त्यांनी आपल्या हेडफोनची वायर काढली, ती गुंडाळली आणि म्हणाले, "मी चहाला जातो. तू बस."

पास झाल्याचं ते एवढंच सांगणं.

ड्युटी संपल्यावर मी घरी फोन लावला. आधी माफी मागितली. त्या दिवशी बोलले ते खोटं होतं, असं सरळ सांगितलं. मग सगळा प्रसंग भडाभडा ओकले, पक्ष्यासकट. माझं संपल्यावर वडिलांनी विचारलं, "मंग उद्यापासनं मागं कोन नाय?"

"नाही. मी एकटीच."

"भीती वाटंल," ते म्हणाले. "वाटू दे. वरनं गाडीची शिट्टी आली का माजं पाय थरथरायचं, पार रिटायर होईपरेंत."

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.