चॅनलवरची आजी आणि आमची शैलाताई

शैलाताई गेल्याचं मला तिच्या घरून कुणी कळवलं नाही. मोबाइलवर कळलं, तेही तिच्याच चॅनलवरून. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू... आणि फोटोखाली, 'आपल्या सगळ्यांची लाडकी गावाकडची आजी आपल्याला सोडून गेली.' मी सवयीनं बोटानं वर सरकवलंसुद्धा. मग हात थांबला. अहो, ही गावाकडची आजी म्हणजे आमची शैलाताई! खाली हात जोडलेल्यांची रांग लागलेली. जिच्या शेजारच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काढली, ती गेल्याचं मला त्या रांगेत उभं राहून कळलं. महिना होत आला, पण माझा राग उतरलेला नाही.

पाटबंधारे खात्यात आम्ही दोघी अनुरेखक होतो. म्हणजे धरणांचे, कालव्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं उतरवायचे. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. जन्म नाशिकरोडचा, गाव तिनं पाहिलं ते नकाशातच. आखूड केस, सुती पाचवारी आणि बुडाखाली लुना. साहेबांनी घाई केली, तर "उतार चुकलाय, आधी तो बघा" असं तोंडावर सांगायची. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यावर आमच्या सगळ्यांच्या उड्या पडायच्या, विशेषतः मसाल्याच्या वांग्यांवर. तो डबा नाना, म्हणजे तिचे यजमान करायचे. शैलाताईला चहासुद्धा धड जमायचा नाही आणि त्याची तिला तिळमात्र लाज नव्हती. "माझी रेघ बघ, पोळी कशाला बघतेस?" म्हणायची.

नाना गेले आणि वर्षभरात तिच्या सुनेनं, केतकीनं, हे चॅनल काढलं. इंदिरानगरच्या इमारतीच्या गच्चीवर चूल मांडली, मागे मातीच्या भिंतीचा पडदा लावला. फोडणी कॅमेऱ्याआड केतकीच द्यायची. शैलाताईनं फक्त पळी हलवायची आणि "लय भारी झालंय बघा" म्हणायचं. पदार्थ सगळे नानांच्या वहीतले, पण नानांचं नाव एकदाही नाही! मला राहवलं नाही. मी व्हिडिओखाली लिहिलं, 'यांनी आयुष्यभर नकाशे काढले. स्वयंपाक यांचे यजमान करायचे.' झालं! लोक माझ्यावर धावून आले. 'तुम्ही आमच्या आजीला ओळखत नाही,' असं एका मुलीनं मला सुनावलं. मी ओळखत नाही! संध्याकाळपर्यंत माझं वाक्य तिथून पुसलेलं होतं.

ती अंथरुणाला खिळली होती; जाण्याच्या तीन आठवडे आधी मी तिला भेटायला गेले. खोलीत आम्ही दोघीच. डोळे उघडून ती म्हणाली, "आलीस का गं लेकरा? जेवली का?" हे चॅनलवरचं वाक्य.

"शैलाताई, मी आहे. इथे कॅमेरा नाहीये."

ती ओशाळून हसली. "अगं, जीभच तशी वळते आता... चॅनल बघणाऱ्या त्या पोरी रोज विचारतात, आजी, गोळी घेतली का? आणि खरी शैला कुणाला हवी होती गं? नाना गेल्यावर तू किती वेळा आलीस?"

मी दोनदा गेले होते. तिनंच माझा हात धरला. "मला काय म्हणायचं ते म्हणू देत. पण नानांच्या वांग्यांना लोक आजीच्या हाताची चव म्हणतात ना, ते मात्र घशाखाली उतरत नाही. केतकीला सांगितलं मी. ती म्हणते, आई, मध्येच आजोबा कशाला?"

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. एरवी नको इतके असतात. मुलगा, म्हणजे केतकीचा नवरा, म्हणाला, "आई, घर नीट सांभाळू." कावळा कठड्यावर बसलेला. मग केतकी पुढे झाली. "आई, काळजी करू नका. तुमचा आवाज आपल्याकडे आहे, कॉम्प्युटरवर नवे भाग बनवू. तुम्ही रोज बोलाल सगळ्यांशी." माझं डोकंच फिरलं. म्हणजे मेल्यावरही बाईनं पळी हलवायची! आणि जिवंतपणी जी उसनी जीभ तिला चिकटली, तीच आता कायमची तिची? कावळ्यानं पाठ फिरवली. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मी कुणाला न विचारता पुढे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "शैलाताई, नानांचं नाव मी छापून आणते. आणि तुझंही, खरं."

कावळा आला. त्याला भूक लागली असेल, मला वाद घालायचा नाही. केतकीच्या नवऱ्याच्या फोनमध्ये सगळं चित्रित झालं होतं, पण चॅनलवर तेवढं टाकलेलं नाही. म्हणून इथं लिहिते. ती मसाल्याची वांगी मनोहर दामोदर सराफ, म्हणजे आमचे नाना, पहाटे उठून करायचे. शैला मनोहर सराफ त्यांच्या पत्नी. त्या नकाशे काढायच्या.