एका माइकपुढचा बेंजो

कानाचं मशीन टेबलावर ठेवून काका म्हणाले, "माणसांचं बोलणं येतंय, पण बेंजो नासतोय."

मी कोल्हापुरात कानांच्या तपासण्या करते आणि श्रवणयंत्रं बसवून देते. टीव्ही नीट ऐकू येत नाही, फोन कानाला लावला की शिट्टी वाजते, वारा सुटला की घोंगावतं, या तक्रारी रोजच्या. बेंजो नासल्याची तक्रार मात्र पहिलीच.

काका कबनूरचे. छत्तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. त्या खडखडाटात इतरांचे जातात तसेच त्यांचेही कान गेले होते. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज गायब. कामावरून सुटले की ते बेंजो पार्टीत वाजवायचे. आपल्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं लावलेली लांबट पेटी. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. वराती, गणपतीच्या मिरवणुका, आणि गाड्यावर भोंगे. नऊ वर्षांपूर्वी एका वरातीत सोबतच्या वादकानं त्यांना सांगितलं की तुझी तार उतरलीय. त्यांना काही तो फरक ऐकू येईना. वरात संपेपर्यंत ते न वाजवता मुकाट चालले, आणि घरी आल्यावर वाद्य कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं. आता मशीन मिळाल्यावर त्यांनी पहिल्यांदा तेच खाली काढलं होतं, तर सूर पाण्यातून आल्यासारखे हलत होते.

कारण मला ठाऊक होतं. ही यंत्रं बोलणं उचलण्यासाठी बनवलेली असतात. तारेचा लांबलेला सूर त्यांना शिट्टी वाटतो, आणि ती तो दाबायला जातात. संगीतासाठी वेगळं सेटिंग करता येतं. इतक्या वर्षांत मी ते दोन-तीनदासुद्धा कुणाला करून दिलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. मला शरम वाटली.

सेटिंग करायचं तर आधी बेंजोचा आवाज नीट ऐकायला हवा. म्हणून संध्याकाळी घरी मोबाइलवर बेंजो शोधला, तर भलतंच काहीतरी समोर आलं. पाच माणसं एकाच माइकभोवती दाटीवाटीनं उभी. एकाच्या हातात गोल, कातडं ताणलेलं, लांब दांडीचं वाद्य, आणि त्याच्या बोटांतून सूर फुटाण्यासारखे तडतडत होते. बाकीच्यांकडे मँडोलिन, व्हायोलिन, गिटार आणि माणसाएवढं उंच एक जाड तारांचं वाद्य. याला ब्लूग्रास म्हणतात, अमेरिकेतल्या डोंगरी मुलखातलं, असं खाली लिहिलं होतं. ढोल नाही, ताशा नाही, तरी माझा पाय हलायला लागला. मग ठेका धरतंय कोण?

ते शोधायला मी ते चार वेळा ऐकलं. पुढच्या दिवसांत भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, दुसरं काही लावेनाशीच झाले. नवरा म्हणाला की हे लोक कुठली गाडी पकडायला पळतायत? ठेक्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी सापडलं. मँडोलिनवाला तारा छेडून लगेच दाबत होता, त्यामुळे सूर न येता नुसतं 'खट्' यायचं. जाड तारांच्या दोन ठोक्यांच्या मधोमध ते 'खट्' बसायचं. आणखी एक कळलं. ज्याची पाळी असेल तो पाऊल पुढे टाकून माइकपाशी यायचा, बाकीचे मागे सरायचे. कुणाचा आवाज वाढवायचा, कुणाचा कमी करायचा हे यंत्रावर नाही, पायांवर ठरत होतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तर पावलांचा आवाजही ऐकू येई.

पुढच्या वेळी काका आले तेव्हा मी त्यांना तपासणीच्या खोलीत बसवून तेच ऐकवलं. सिनेमाच्या गाण्यात इतकी वाद्यं एकात एक मिसळलेली असतात की नेमकं काय नासतंय ते सांगता येत नाही. इथं प्रत्येक तार सुटी होती.

"ह्यो बेंजो न्हाय," ते ठामपणे म्हणाले.

मी चित्र दाखवलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ही हलगी हाय की. हलगीला दांडी लावून तारा ताणल्यात."

मी वाचलेलं त्यांना सांगितलं. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकेतल्या लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून असं वाद्य केलं होतं, त्यातून हे आलं. आणि आपलं बटणांचं वाद्य मूळचं जपानकडचं. काकांनी विचारलं की मग नाव कुणी कुणाचं घेतलं. ते मलाही माहीत नव्हतं, अजूनही नाही.

तीन खेपांमध्ये आम्ही सेटिंग लावत गेलो. काय ऐकू येतंय ते सांगण्याची त्यांची स्वतःची भाषा होती. जाड तार येतीया. व्हायोलिनचा बुंधा हाय, शेंडा न्हाय. मी एक आकडा वर करायची, एक खाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं हवेत हलवायला लागले. 'खट्'च्या बरोबर जागेवर बोटं पडत होती. मी काही सांगितलेलं नव्हतं.

मग त्यांनी व्हिडिओ पुन्हा मागे न्यायला लावला. बेंजोवाला वाजवून मागे सरला, त्या जागी थांबवायला सांगितलं. एवढं चांगलं वाजवत होता तर मागं का गेला, असं त्यांनी विचारलं. मी माइकचं सगळं समजावलं.

"आमच्यात कोण मागं सरलंच न्हाय कधी," ते म्हणाले. "शेजारच्यानं आवाज वाढवला की आपण वाढवायचा. एवढंच."

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मागांची सुट्टी असेल त्या दिवशी कबनूरला या, तसं एका माइकवर वाजवून बघायचं आहे. मी गेले. घरात काकू होत्या, आणि पार्टीतले एक जुने ढोलकीवाले येऊन बसले होते. माइक म्हणजे माझाच मोबाइल, पालथ्या बादलीवर पाट ठेवून त्यावर उभा केलेला.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त ढोलकी आली. भोंग्याशिवाय बेंजोचा आवाज केवढासा असतो, ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी ढोलकीवाल्यांना दाराकडे सरकायला सांगितलं.

"चाळीस वर्षं म्होरं बसलोय," ढोलकीवाले म्हणाले. "आता उंबऱ्यावर बसू व्हय?"

तुझी पाळी आली की तू पुढं ये, मी मागं जातो, असं काकांनी त्यांना समजावलं. ढोलकीवाले रागानंच उठले, पण उंबऱ्यापाशी जाऊन बसले. पाळी आल्यावर ते पुढे आले, काका मागे सरायचं विसरले आणि ढोलकीचा धक्का लागून पाट बादलीवरून खाली आला. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या वेळी जमलं. दोघं म्हातारे त्या खोलीत पुढेमागे होत वाजवत होते आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

रेकॉर्डिंग लावलं तेव्हा काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं नुसता तुमचा बेंजो आज पहिल्यांदा ऐकला." आधी मागांचा आवाज, मग भोंग्यांचा. त्यांनीही मागांशेजारी बसून सुताच्या कांड्या भरण्यात उमेदीची वर्षं घालवली होती.

काकांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी मोबाइल कानाच्या मशीनजवळ धरला होता. "दुसरी तार उतरलीया," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "उतरलीया न्हवं?"

मला कानांचं शास्त्र कळतं, सूर नाही. मी मोबाइलवरच्या सूर मोजायच्या सोयीवर ती तार छेडायला लावली. काटा थोडा खाली होता. मी तसं सांगितलं. त्यांनी खुंटी पिळून तार चढवली, पुन्हा छेडली, पुन्हा पिळली. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्यालाच पुसले.

त्यानंतर महिनाभरात ढोलकीवाले एकटेच माझ्याकडे आले. आपलेही कान बघा म्हणाले. तपासणी झाली. कागदावरची रेघ उजवीकडे, म्हणजे बारीक आवाजांच्या बाजूला, तशीच खाली गेलेली, काकांपेक्षाही जास्त. त्यांनी ती रेघ बोटानं गिरवली.

"वरातीत त्याला तार उतरलीया म्हणून मीच सांगितलेलं," ते म्हणाले. "तवा मला तरी कुठं नीट ऐकू येत हुतं?"

नऊ वर्षांपूर्वी त्यांचे कान कसे होते ते आजच्या कागदावरून सांगता येत नाही, असं मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. तार उतरली असेलही, नसेलही. यावर त्यांचं समाधान झालं नाही. हे त्याला मीच सांगतो, तुम्ही बोलू नका, एवढं बजावून ते गेले.

त्यांनी सांगितलं, हे मला नंतर काकूंकडून समजलं. काका ऐकून घेऊन आत निघून गेले आणि दोन आठवडे वाजवायला बसले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात स्वतः ढोलकीवाल्यांच्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते काकूंनाही माहीत नाही. येताना दोघं बरोबर आले, आणि ढोलकीवाले कुणी न सांगताच उंबऱ्यापाशी जाऊन बसले.