पिशोरची एसटी आणि नऊची घंटा

चर्चच्या बिल्डिंग कमिटीत माणूस एकदा शिरला की त्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. मीटिंगचा चहा निवायच्या आत एखादा घडतोच! मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मंडळीचा सेक्रेटरी. निवृत्त शिक्षक, अक्षर बरं, म्हणून मिनिट्स लिहायचं काम माझ्याच गळ्यात. मिनिट्समध्ये जे लिहिता आलं नाही ते इथं सांगतो. हसू आलं तर हसा. मला आता येत नाही.

*

पहिल्या मीटिंगला पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या वाटल्या. "नवीन चर्च का हवं? प्रत्येकानं एक कारण लिहा."

चिठ्ठ्या मी वाचल्या. पार्किंग. मुलीच्या लग्नाला हॉल. 'पलीकडच्या चर्चला टॉवर आहे, आपल्याला नाही.' एकानं तर लिहिलं होतं, 'माझ्या बाकावर पंखा येत नाही.' प्रार्थना हा शब्द एकाही चिठ्ठीत नव्हता!

पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या गोळा करून खिशात टाकल्या. मग म्हणाले, "सेक्रेटरी, निधीच्या अर्जात यातलं काही लिहू नका."

"मग काय लिहू?"

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर ओट्यावर रूथबाई बसली होती.

*

रूथबाई पिशोर गावची. दर रविवारी आठ-दहा बायकांना घेऊन एसटीनं यायची. जुनं चर्च लहान. शहरातली मंडळी आत बसली की यांच्या वाट्याला बाहेरचा ओटा. उपासना त्या दारातून ऐकायच्या. 'जागेअभावी आमच्या गरीब भगिनी उन्हात बसतात,' असं मी अर्जात लिहिलं. लिहिलं ते खरंच होतं.

अर्जाला फोटो हवा. कमिटीचे चेअरमन डॅनियल सर मोबाइल घेऊन आले, तर नेमकी ओट्यावर कडुलिंबाची सावली!

"अहो, जरा उन्हात सरका. त्रास दिसला पाहिजे!"

रूथबाई सरकली. बाकीच्याही सरकल्या. फोटो झाल्यावर तिनं मला विचारलं, "गुरुजी, मंग नव्या देवळात आमाला आत जागा भेटंल ना?"

"पहिला बाक तुमचा," मी म्हणालो. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं बोललोय.

*

बांधकाम सलीमभाईंकडे होतं. मुख्य दरवाजा आला तो चार माणसांनी उचलला. सलीमभाईंनी तो एकदा ढकलून पाहिला, दुसऱ्यांदा ढकलून पाहिला.

"सेक्रेटरी साब, इत्ता भारी दरवाजा कायकू?"

"एसी आहे ना. थंड हवा बाहेर जायला नको."

"हवा का तो ठीक है साब, आदमी अंदर कैसे आयेगा?"

मिनिट्समध्ये मी लिहिलं, 'दरवाजा समाधानकारक.' ओट्याजवळचा लिंब त्याच आठवड्यात पार्किंगसाठी तोडला.

*

आमच्याकडे जुनी रीत होती. पहिली घंटा नऊला, दुसरी पिशोरची एसटी आल्यावर. दुसरी झाली की उपासना सुरू. मग एसटी सव्वानऊला येवो की पावणेदहाला! घंटा वाजवणारे योहानकाका दोरी हातात धरून रस्त्याकडे बघत उभे असायचे.

नव्या चर्चमध्ये घंटा स्पीकरमधून वाजते. टायमरवर. एकदाच.

योहानकाका मीटिंगला आले. "दुसऱ्या घंटेचं काय?"

डॅनियल सर म्हणाले, "काका, नऊ म्हणजे नऊ. देवाला कुणासाठी थांबवायचं नसतं."

"बराबर हाय," काका म्हणाले. "देवाला कुठं एसटीनं यावं लागतंय!"

सगळे हसले. जुनी घंटा आता काचेच्या पेटीत आहे. शेजारी पाटी लावलीय, 'कृपया हात लावू नये.' काका रविवारी पेटीसमोर दोन मिनिटं थांबतात आणि आत जातात.

*

बाकांवर पितळी पाट्या बसवल्या. ज्यानं बाक दिला त्याच्या घरातल्या माणसाचं नाव. पहिल्या बाकावर डॅनियल सरांच्या सासूबाईंचं, खाली 'स्मरणार्थ'. सासूबाई काठी टेकत आल्या, चष्मा लावून पाटी वाचली आणि ओरडल्या, "अरे, मी जिवंत आहे!"

जावई म्हणाले, "असू द्या आई, जागा पक्की झाली ना!"

मी हळूच म्हणालो, "सर, हा बाक मी पिशोरच्या बायकांना कबूल केला होता."

"अहो गुरुजी, त्यांना बाकाची सवय कुठाय? त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

मी पाटीचे स्क्रू नीट बसलेत का ते बघत राहिलो.

*

नव्या चर्चच्या समर्पणविधीनंतरचा पहिला रविवार. नऊला स्पीकर वाजला, दार बंद, एसी सुरू. एसटी आली साडेनऊला. मी दाराशीच बसलो होतो. बाहेरून कुणीतरी ढकलत होतं, म्हणून दार उघडलं. समोर रूथबाई, डोक्यावर पदर, कडेवर नात, पायातल्या चपला काढून हातात घेतलेल्या.

आतून चार-पाच माना वळल्या. पहिल्या बाकावरून डॅनियल सरांनी हात केला, बंद करा.

आणि मी बंद केलं! पस्तीस वर्षं वर्गात उशिरा येणाऱ्या पोरांना मी आत घेतलं, आणि इथं माझ्या हातानं दार लावलं. मला माझीच किळस येते.

*

गेल्या महिन्यात नवा ठराव झाला. चर्चला जोडून हॉल हवा. कारण? जागा पुरत नाही, लोक बाहेर बसतात! अर्ज मीच लिहायचा, फोटोही मीच काढायचा.

रविवारी मोबाइल घेऊन बाहेर गेलो. लिंब नाही, ओटाही नाही. टॉवरची सावली पडते तेवढ्या पट्ट्यात रूथबाई आणि तिच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. दार बंद असल्यानं आतलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी त्यांचं भजन हळू आवाजात सुरू केलं होतं.

माझ्या हातातला मोबाइल पाहिला आणि रूथबाईनं भजन थांबवलं. पदर सारखा केला, नातीला उचलून कडेवर घेतलं.

"फोटू व्हय गुरुजी?" ती उठत म्हणाली. "थांबा, उन्हात सरकतो."