छपराखालची सरस्वती

माझं लग्न चिनी भाषेवाचून अडलं होतं.

(हसू नका. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुमचंही अडलं असतं!) सत्तरचं दशक नुकतं लागलेलं. भिंगारच्या छावणीतल्या एका कचेरीत मी टेंपररी कारकून होतो. चीनची लढाई होऊन गेलेली, म्हणून लष्करातल्या साहेबांनी फर्मान काढलं, जो चिनी अक्षरांची परीक्षा पास होईल तो पर्मनंट! आणि तिकडे कोल्हारचे दगडूतात्या, म्हणजे माझे होऊ घातलेले सासरे, बजावून गेले होते, "पोरगं पर्मनंट झालं की बार उडवू. टेंपररी जावई आमाला नगं." झालं! मी वही-पुस्तक घेऊन घोकायला बसलो.

चिनी अक्षरं म्हणजे कानामात्रेचं सरळ काम नव्हे हो. सगळी चित्रंच! माणूस म्हणजे नुसते फाकलेले दोन पाय. झाड एक काढलं की झाड, दोन काढली की राई. रात्री पाठ केलेलं सकाळी दात घासेपर्यंत साफ! त्यात सगळ्यात छळलं ते 'घर' या अक्षराने. वर छप्पर आणि छपराखाली चक्क डुक्कर! शेवटी शाळेतली जुनी पाटी शोधली, तिच्यावर ते ठसठशीत काढलं आणि येताजाता घोकू लागलो.

"काय रं बाळू, काय काढलंस हे?" आईने विचारलं.

"घर आहे, आई. वर छप्पर, खाली डुक्कर."

"डुक्कर? आन् घरात?" आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "सोयरीक जुळायच्या टायमाला असलं अभद्र? आदी पूस ते!"

"अगं, परीक्षेला येणार आहे!"

"परीक्षेला येऊ दे. घरात नगं."

परीक्षा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला कचेरीतून घरी येतो तर पाटी, वही, पुस्तक सगळं पाटावर पूजेला मांडलेलं, वर झेंडूची फुलं! मी वहीकडे हात नेला मात्र...

"खबरदार! पूजेला मांडल्याली इद्या उचलत न्हाईत. दसरा सरल्याबिगर बोट लावू नगंस."

"आई, मी नापास होईन गं!"

"सरसोती करंल पास. बस हात जोडून."

बसलो! करतो काय? वही बंद, पुस्तक बंद, उघडी फक्त पाटी. आणि पाटीवरचं डुक्कर आईने पुसून टाकलं होतं. छप्पर तेवढं ठेवलं (म्हणे, "मखर झ्याक झालंय!") आणि त्याखाली काढली होती एकाच्या आकड्यांची सरस्वती, आपण लहानपणापासून पाटीपूजनाला काढतो तीच. दसरा संपेपर्यंत मी घाम पुसत त्या एकाच चित्राकडे बघत होतो. रात्री वही हाती आली, तर हळदीकुंकवाच्या पाण्याने पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली!

सकाळी परीक्षेला गेलो. व्हरांड्यात साक्षात दगडूतात्या! निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला पहिल्या गाडीने आले होते. परीक्षक साहेब परप्रांतातले, आवाज तोफेसारखा.

"बोर्ड पर घर लिखो!"

घर! येतं की! मी झोकात छप्पर काढलं. खाली काय बरं? खाली कोण होतं? डोकं रिकामं आणि हात मात्र आपोआप चालू.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जाडजूड कोशाची पानं उलटली.

"सूअर कहाँ है?"

"साब... माँ ने निकाल दिया."

"और ये कौन है?"

"सरस्वती, साब."

"फेल!"

मान खाली घालून बाहेर आलो. बघतो तर तात्यांनी पायताणं बाजूला काढलेली, आणि खिडकीतून फळ्याकडे बघत हात जोडलेले.

"तात्या, मी नापास झालो. टेंपररीच राहिलो."

"ऱ्हा की!" तात्या गहिवरून म्हणाले. "घरातलं डुक्कर हाकलून सरसोती बसवनारी सासू माझ्या पोरीला कुटं घावनार हाय? धरा मुहूर्त!"

म्हणजे पसंत मी पडलोच नव्हतो, आई पडली होती!

लग्न झालं. त्या सगळ्या अक्षरांपैकी एक मला आजही डोळे मिटून काढता येतं. ते चीनमध्ये कुणालाच वाचता येत नाही, एवढाच काय तो त्यात दोष!