उलकान एजे आणि कोरी दिसणारी डिस्क

नारिन शहरातल्या रेडिओ केंद्रातली सगळी यंत्रं उलकान एजेच, म्हणजे उलकानताईच, सांभाळायची. जीभ तिखट, हात मात्र शांत. केंद्रातला जुना संगणक विंडोजच्या ओझ्यानं कुंथायला लागला, तेव्हा त्यावर लिनक्स टाकायचं तिनंच ठरवलं. विंडोज आणि ध्वनिमुद्रणं होती तिथेच ठेवायची, डिस्कच्या उरलेल्या जागेत लिनक्स बसवायचं, असा तिचा बेत होता.

ती चहा आणायला उठली आणि केंद्रप्रमुख तेमिर मदतीला सरसावला. डिस्कच्या विभागांचा नवा तक्ता करायचा का, असं पडद्यानं विचारलं होतं. त्यानं ‘हो’ दाबलं. एजे परतली तर डिस्क कोरी!

“एजे, मी फक्त हो म्हणालो हो...”

“लग्नातही तेवढंच म्हणाला होतास. तेव्हा तरी प्रश्न वाचला होतास का?”

तेमिरला हसूही येईना. दुसऱ्या दिवशी गेल्या वर्षी वारलेल्या कारिपबाय म्हाताऱ्याच्या वर्षाचं जेवण होतं. त्याचं कोमुझ या तीन तारांच्या वाद्यावरचं वादन पाहुण्यांना ऐकवायचं होतं आणि ते याच डिस्कवर होतं. केंद्रानं काढलेली डिस्कची राखीव प्रत त्या ध्वनिमुद्रणाच्या आधीची. तेवढ्यात कारिपबायची मुलगी साबिरा ते न्यायला दारात हजर.

तिला काय झालं ते एजेनं स्पष्ट सांगितलं. साबिरा थेट संगणकापाशी आली. “म्हणजे अताचा आवाज गेला?” अता म्हणजे तिचे वडील.

“गेला नाही गं. घरांवरच्या पाट्या पुसल्यात, घरं उभी आहेत. पण आता कुणी त्यावर एक अक्षरही लिहायचं नाही.”

आधी तिनं अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. तेमिर दर थोड्या वेळानं डोकावायचा. “थेट दुरुस्तच करा ना!”

“तू ते तळलेले बोर्सोक खा. तोंड भरलेलं राहील.”

मग ती पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून जुन्या विभागांच्या खुणा शोधायला बसली. तीन सापडल्या, पण त्यातल्या दोन एकमेकांवर चढलेल्या. एक बहुधा कधीकाळच्या मांडणीची उरलेली खूण. अंदाजानं निवडायला ती तयार नव्हती. तिनं दोन्ही उघडून पाहिल्या. एकीत कचरा होता, दुसरीत ओळीनं फायलींची नावं. त्यात कारिपबाय होता. तेव्हा कुठे तिनं तक्ता पुन्हा लिहिला.

तिनं ध्वनिमुद्रण लावलं. कोमुझ वाजण्याआधी त्यात म्हातारा खोकला आणि कुत्र्यावर खेकसला. साबिरा रडता रडता हसायला लागली. “ते कुत्रं अजून आहे, एजे. तसंच खोडकर!”

तिला ध्वनिमुद्रण देऊन वाटेला लावल्यावर एजेनं लिनक्स बसवलं. संगणक पुन्हा सुरू केला, तर काळा पडदा आणि एकच ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

“आता मी काहीच दाबलं नाही!” तेमिर लांबूनच ओरडला.

एजेनं कपाळाला हात लावला. “या खेपेला मीच गाढव.” संगणक कशावरून सुरू करायचा त्या यादीत तिचा पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा जुन्या पद्धतीनं, एकदा नव्या. तिनं नवी निवडली होती. हा संगणक मात्र डिस्क जुन्याच पद्धतीनं सुरू करायचा, त्यामुळे लिनक्स जागं करणारा छोटा प्रोग्रॅम तो बघतच नसलेल्या ठिकाणी जाऊन बसला होता. तिनं पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीनं सुरू केला आणि तो प्रोग्रॅम डिस्कच्या अगदी आरंभी पुन्हा लिहिला. या वेळी पडद्यावर दोन नावं उमटली, लिनक्स आणि विंडोज. दोन्ही सुरू करून पाहिल्याशिवाय ती खुर्चीतून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या तंबूत साबिरानं तिला हाताला धरून दाराच्या समोरच्या टोकाला, मानाच्या जागी, म्हाताऱ्या माणसांमध्ये नेऊन बसवलं. एजे आढेवेढे घ्यायला लागली, तसा तेमिर म्हणाला, “बसा हो एजे. तुम्हाला उठवायची कुणाची छाती आहे?”

मग तंबूत कारिपबायचा कोमुझ सुरू झाला. एजे डोळे मिटून ऐकत राहिली.