मांजर कोणत्या खात्यात?

आमच्या इंझोरीच्या बाया ओट्यावर बसल्या की सरकारी औषधाचे किस्से निघतातच. एक सांगाले घ्या, त्याच्यामागं दुसरा आपोआप चालत येतो. त्या वर्षी घडलंही तसंच, एकामागं एक!

दुष्काळ नुकताच सरला होता. माझ्या कणगीत फक्त पेरणीची ज्वारी उरली होती. अर्धपोटी झोपलो, पण तिला हात लावला नाही. तेव्हाच हिवतापाचा फवारणीवाला बाबू आला अन् घरोघरच्या भिंती पांढऱ्याफटक करून टाकल्या. माझी जाऊ गंगू कडाडली, "काहून रे, सारवलेली भिंत नासवून राह्यला?"

"साऱ्या दुनियेत हेच औषध मारून राह्यले, काकू. वरून ऑर्डर हाय!"

बाबूची पाठ फिरली अन् गंगूनं शेणाचा हात फिरवून औषध झाकून टाकलं! तिचं पाहून साऱ्या आळीनं. मच्छर खूश!

*

जमिनीवर सांडलेलं औषध मात्र तसंच राहिलं. मांजरी त्यावरून चालल्या, पंजे चाटले अन् पटापट मेल्या. मग उंदरांचं राज्य! रात्रभर कणगी कुरतडायचे.

ग्रामसेवकानं विषाचे गोळे वाटले. उंदरांनी हुंगून सोडले. गंगूच्या कोंबड्यांनी काही सोडले नाहीत!

*

मग अकोल्याहून मोठे साहेब आले. पारावर भाषण झालं, "सगळ्या देशांची परदेशात बैठक झाली. हवा, पाणी, झाडं, जनावरं, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, असं ठरलं."

गंगू म्हणे, "एवढं ठरवाले तितक्या दूर गेले?"

मी उठली. "साहेब, मांजरी मेल्या. माह्यी ज्वारी कोन राखीन?"

साहेब म्हणाले, "हे बघा बाई, मच्छर आरोग्य खात्याकडे. उंदीर शेतीखात्याकडे. कोंबड्या पशुखात्याकडे."

"अन् मांजर?"

साहेबांनी ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकानं साहेबांकडे.

*

शेवटी मी माहेरी जऊळक्याला गेली अन् टोपल्यात पिलांसकट मांजर घेऊन आली. कणगी शांत झाली. पेरणी तोंडावर आली, तर बाबू पुन्हा पंप घेऊन दारात!

मी आडवी आली. "मांजर मेली तर माह्यं वावर पडीक राहीन. फवारा मारू देनार नाही!"

"ऑर्डर हाय, मावशी." तेवढ्यात त्याला पिलं दिसली. आवाज एकदम खाली आला. "एखादं देता का? आमच्या घरी बी लय उंदरं झाले."

दिलं. त्यानं पिलू थैलीत घातलं, गेरू काढला अन् माझ्या भिंतीवर काहीतरी लिहिलं.

"काय लिवलं रे?"

"घर बंद. कुलूप होतं."

शेजारच्या दारातून गंगू ओरडली, "ओ बाबू, माह्यं बी घर बंद हाय!"